गंभीर मेंदू-इजा, साडेतीन हजार मीटर आणि रक्तातले मायक्रोआरएनए : नागपूरच्या प्रयोगशाळेतील प्रकल्प नोंदी

१२ एप्रिल २०२४

प्रश्न असा ठरला : डोक्याला गंभीर मार बसल्यावर रक्तातल्या मायक्रोआरएनएत (जनुकांचे काम आवरणाऱ्या अगदी लहान आरएनए रेणूंत) जे बदल दिसतात ते उंचावर वेगळे असतात का, आणि असतील तर त्यातले मेंदूचे किती नि नुसत्या विरळ हवेचे किती?

नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर, लेह सुमारे ३,५०० मीटरवर. हवेचा दाब इथे पाऱ्याच्या ७३० मिलिमीटरच्या आसपास, तिथे ४९५ च्या. त्यातून श्वासमार्गातल्या बाष्पाचे ४७ वजा करून २०.९ टक्के काढले की आत जाणाऱ्या ऑक्सिजनचा दाब मिळतो : इथे साधारण १४३, तिथे ९४. म्हणजे लेहमधला माणूस मार लागायच्या आधीच एक तृतीयांश कमी ऑक्सिजनवर असतो. मेंदू-इजेच्या उपचारात ९० टक्क्यांखालचे ऑक्सिजन संपृक्तन धोक्याचे मानतात. लेहमध्ये नुकत्याच पोचलेल्या धडधाकट माणसाच्या बोटालाही कधी कधी तोच आकडा दिसतो.

गट पाच. लेहमधले गंभीर मेंदू-इजेचे रुग्ण, लेहमधलेच मांडीचे किंवा कमरेचे हाड मोडलेले पण डोके शाबूत असलेले रुग्ण, लेहमधले निरोगी, नागपुरातले मेंदू-इजेचे रुग्ण, नागपुरातले निरोगी. अस्थिभंगाचा गट गाळला तर खर्च वाचतो, हे खरे. पण तो गाळायचा नाही. मोडलेले हाड, चिरडलेला स्नायू, रक्तस्राव, भूल या सगळ्यांनी मायक्रोआरएनए हलतात, आणि हा गट नसेल तर ते सगळे मेंदूच्या खात्यावर चढते.

गंभीर म्हणजे श्वास आणि रक्तदाब सावरल्यानंतरचा ग्लासगो कोमा स्कोअर (डोळे, बोलणे आणि हालचाल यांवरून शुद्धीची पातळी मोजणारा आकडा) ३ ते ८. नळी घातलेल्या रुग्णाचा बोलण्याचा भाग मोजता येत नाही, गुंगीच्या औषधाने उरलेले दोन भागही पडतात. म्हणून गुंगी देण्यापूर्वीचा शेवटचा स्कोअर आणि त्याची वेळ, दोन्ही लिहायचे.

नमुने तीनदा : २४ तासांच्या आत, ७२ तासांना, सातव्या दिवशी. तक्त्यात ‘पहिला दिवस’ असे लिहायचे नाही, इजेपासूनचे तास लिहायचे. काही मायक्रोआरएनए काही तासांत चढून उतरतात. ४ तासांचा आणि २२ तासांचा नमुना एका रकान्यात बसवला की दोन्ही वाया.

१९ एप्रिल

रुग्ण-माहितीचा तक्ता पक्का झाला. तो लांब आहे अशी तक्रार होणार, पण यातला प्रत्येक रकाना नंतर एखाद्या आकड्याचा अर्थ बदलू शकतो.

लेहला कधी पोचला, हे सर्वांत महत्त्वाचे. तिथे जन्मलेला, सहा महिने रस्त्यावर काम करणारा मजूर आणि परवा विमानाने उतरलेला पर्यटक ही रक्ताच्या दृष्टीने तीन वेगळी माणसे. उंचावर पोचल्यावर पहिल्या काही दिवसांत प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) आटतो, एरिथ्रोपोएटिन (लाल पेशी बनवायला लावणारे संप्रेरक) एक-दोन दिवसांत चढते, लाल पेशींचे एकूण वस्तुमान वाढायला मात्र आठवडे लागतात. ‘उंचावरचा रुग्ण’ असा एकच शिक्का मारून चालत नाही.

नमुना घेतला त्या क्षणाचा ऑक्सिजन : किती टक्के दिला जात होता, धमनीतला दाब किती, संपृक्तन किती. कार्बन डायऑक्साइडही. उंचीला सरावलेल्या माणसाचा धमनीतला कार्बन डायऑक्साइड मुळातच तिशीच्या आसपास असतो. व्हेंटिलेटरवर तो ३५ ते ४५ मध्ये आणला की सपाटीच्या पुस्तकाप्रमाणे सामान्य, त्याच्या शरीराच्या दृष्टीने मात्र चढलेला. मेंदूतल्या रक्तवाहिन्या याला लगेच प्रतिसाद देतात, म्हणून ही नोंद सोडायची नाही.

उपचारांचे रकाने : मॅनिटॉल आणि तीव्र मिठाचे सलाइन (मेंदूची सूज उतरवायला), ट्रॅनेक्झॅमिक आम्ल (रक्तस्राव थांबवायला), रक्त चढवले असल्यास पिशवी किती दिवसांची, हेपॅरिन (रक्त गोठू न देणारे औषध) कोणत्याही रूपात, अगदी धमनीतली नळी मोकळी ठेवायला वापरलेलेसुद्धा.

संमती : रुग्ण बेशुद्ध असल्याने कायदेशीर अधिकृत प्रतिनिधीकडून, आणि शुद्धीवर आल्यावर रुग्णाकडून पुन्हा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे. शुद्धीवर आल्यावर त्याने नाही म्हटले तर नळ्या नष्ट करायच्या, हे अर्जातच छापले.

२६ एप्रिल

रक्त घेण्याची पद्धत लेहच्या टीमला पाठवली. मुख्य मुद्दे इथे.

नळी जांभळ्या बुचाची, ४ मिली, ईडीटीएची (हेही रक्त गोठू न देणारे रसायन). हिरवी, म्हणजे हेपॅरिनची, कधीही नाही. हेपॅरिन पीसीआर (रेणूंच्या प्रती वाढवून मोजण्याची चाचणी) अडवते. धमनीच्या नळीतून घेणार असाल तर पहिले ५ मिली रक्त बाजूला. सुई २१ गेजची. २५ च्या बारीक सुईतून ओढले की लाल पेशी फुटतात. पट्टा एका मिनिटाच्या वर बांधून ठेवायचा नाही. नळी ८ ते १० वेळा हळू उलटसुलट करायची. हलवायची नाही.

निर्वात नळी उंचावर पूर्ण भरत नाही. नळीतली पोकळी सपाटीच्या दाबासाठी मोजलेली असते. बाहेरचा दाब एक तृतीयांशाने कमी झाला की ओढ कमी पडते आणि रक्त खुणेच्या खाली थांबते. मग रक्ताच्या मानाने ईडीटीए जास्त होते, लाल पेशी आक्रसतात, हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा टक्का) खोटे खाली दिसते. उंचीसाठी बनवलेल्या नळ्या मिळतात, त्याच मागवल्या. त्या संपल्या तर नेहमीच्या नळीत जेवढे येईल तेवढे घ्यायचे आणि पातळी लिहायची. सिरिंजने ओढून बुचातून दाबून भरायचा मोह होतो. तसे करायचे नाही, त्यात पेशी हमखास फुटतात.

सेंट्रिफ्यूजच्या बाबतीत ‘३,००० फेऱ्या’ असे कुणी लिहिले तर तो कागद परत पाठवायचा. बल हवे, गुरुत्वाकर्षणाच्या पटीत (जी). सूत्र : १.११८ गुणिले १० चा उणे पाचवा घात, गुणिले त्रिज्या सेंटीमीटरमध्ये, गुणिले फेऱ्यांचा वर्ग. त्रिज्या १० असेल तर ३,००० फेऱ्यांना सुमारे १,००० जी, त्रिज्या १६ असेल तर सुमारे १,६०० जी. एकाच बटणावर दीडपटीहून जास्त फरक.

फिरकी दोनदा. पहिली २,००० जी, १० मिनिटे, ४ अंश. प्लाझ्माचा वरचा दोन तृतीयांश भागच उचलायचा, पांढऱ्या थराच्या अर्धा सेंटीमीटर वर थांबायचे. दुसरी १२,००० जी, १० मिनिटे, नव्या नळीत. तळाचे १०० मायक्रोलिटर सोडून द्यायचे. दुसरी फिरकी प्लेटलेट काढण्यासाठी. प्लेटलेट राहिल्या आणि नमुना गोठवला तर त्या फुटून मिर-२२३ (मायक्रोआरएनएंना ‘मिर’ आणि क्रमांक अशी नावे असतात) आणि इतर बरेच काही प्लाझ्मात सोडतात, आणि नंतर ते वेगळे काढता येत नाही. रक्त काढल्यापासून दोन तासांत सगळे उरकायचे.

हिमॅटोक्रिट ४० टक्के असेल तर ४ मिली रक्तात प्लाझ्मा २.४ मिली. ५५ टक्के असेल तर १.८. वर-खाली सोडून हातात येतो तो याहून बराच कमी. २५० मायक्रोलिटरच्या तीन कुप्या मिळाल्या तर पुरे; चौथीच्या लोभाने पिपेट खाली नेऊ नये.

७ मे

वाहतूक. कोरड्या बर्फाऐवजी द्रव नायट्रोजनचा ड्राय शिपर घ्यायचे ठरले. कोरडा बर्फ विमानात धोकादायक माल म्हणून जातो, दर प्रवासाला नवा लागतो, आणि दिल्लीत खोका अडकला तर कुणी भरून देत नाही. ड्राय शिपरच्या भिंतीतल्या सच्छिद्र पदार्थाने नायट्रोजन शोषलेला असतो, आत मोकळे द्रव नसते, त्यामुळे आयएटीएच्या (आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेच्या) विशेष तरतूद ए१५२ खाली निर्बंध नसलेला माल म्हणून नेता येतो.

भरायची रीत : काठोकाठ ओतायचे, शोषले गेले की पुन्हा ओतायचे, असे २४ तास करत राहायचे, शेवटी मोकळे द्रव पूर्ण ओतून टाकायचे. कोरड्या शिपरचे वजन आधी करून ठेवायचे. भरल्यावरच्या वजनातून ते वजा केले की किती नायट्रोजन आहे ते कळते. दर प्रवासाच्या दोन्ही टोकांना वजन. नेहमीपेक्षा वेगाने वजन घटू लागले तर निर्वात भिंत गेली, तो शिपर बाद. आडवा ठेवला तर टिकण्याचा काळ खूप घटतो, म्हणून बाहेर चारही बाजूंनी बाण आणि मराठी, हिंदी, इंग्रजीत ‘उभा ठेवा’.

नागपुरात द्रव नायट्रोजनची ददात नाही. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी तो विदर्भभर फिरतो. लेहची विमाने बहुतेक सकाळची, दुपारी वारा उठतो. म्हणून कुप्या आदल्या संध्याकाळीच शिपरमध्ये.

लेहच्या उणे ८० फ्रीजरबद्दल : बहुतेक प्रयोगशाळा-उपकरणांची हमी २,००० मीटरपर्यंतची असते. विरळ हवा कंप्रेसरची उष्णता कमी वाहून नेते. फ्रीजर तिथे उणे ७० वर ठेवणे आणि मागे हात जाईल एवढी जागा सोडणे जास्त शहाणपणाचे. प्लाझ्माला तेवढे पुरते, कंप्रेसर जळाला तर काहीच पुरत नाही.

आणखी एक नियम : नागपूरचे नमुनेही तेवढेच दिवस शिपरमध्ये ठेवायचे. नाहीतर उंचीचा परिणाम म्हणून आपण प्रवासाचा परिणाम मोजू.

१५ मे

हिमोलिसिसची (लाल पेशी फुटण्याची) मालिका लावली. या प्रकल्पातली ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी चाचणी.

एका निरोगी दात्याचे रक्त. लाल पेशी सलाइनने तीनदा धुऊन घट्ट बसवल्या, उणे ८० ला गोठवून वितळवल्या. त्या दात्याच्याच स्वच्छ प्लाझ्मात हा फुटलेला रस १ टक्का, ०.२५, ०.०६२५ आणि ०.०१५६ टक्के मिसळला, एक नळी शून्याची. लाल पेशीत लिटरमागे सुमारे ३३० ग्रॅम हिमोग्लोबिन असते, म्हणजे ०.०६२५ टक्क्याला प्लाझ्मात लिटरमागे सुमारे ०.२ ग्रॅम. डोळ्याला गुलाबी छटा साधारण तिथूनच दिसू लागते. त्याखालचे डोळ्याला कळत नाही, पीसीआरला कळते.

दर पायरी चौपट, म्हणून जो मायक्रोआरएनए केवळ लाल पेशीतून येतो त्याचा सीक्यू दर पायरीला २ चक्रांनी सरकायला हवा. (सीक्यू म्हणजे कितव्या चक्राला चमक उंबरठा ओलांडते तो आकडा, एक चक्र कमी म्हणजे रेणू दुप्पट.) मिर-४५१ए अपेक्षेप्रमाणे पायऱ्यांनी सरकतो, खालच्या टोकाला सपाट होतो. मिर-१६, मिर-४८६-५पी आणि मिर-९२ए त्याच्या मागोमाग. मिर-२३ए जागेवर. मिर-१२२ जागेवर.

आता हे पाहा : गंभीर मेंदू-इजेच्या रुग्णांच्या प्लाझ्मावरच्या सुरुवातीच्या कामांपैकी २०१० मधल्या एका कामात मिर-१६ आणि मिर-९२ए घटलेले, मिर-७६५ वाढलेला असे आले होते. पहिले दोघेही लाल पेशींचे भरलेले रांजण. तुलनेच्या गटातल्या नळ्यांत लाल पेशी थोड्या जास्त फुटल्या किंवा रुग्णाला भरपूर सलाइन मिळाले, तर हेच दोन मेंदूशी संबंध नसताना ‘घटलेले’ दिसू शकतात. मूळ निष्कर्ष चूक असे यावरून ठरत नाही. पण हिमोलिसिसचा आकडा शेजारी नसेल तर या दोघांवर आम्ही काही लिहिणार नाही.

१७ मे

नमुना स्वीकारायचे निकष. ४१४ नॅनोमीटरला (फुटलेल्या पेशींतले हिमोग्लोबिन प्रकाश शोषते त्या तरंगलांबीला) शोषण ०.२ च्या वर : बाद. मिर-२३ए चा सीक्यू वजा मिर-४५१ए चा सीक्यू : ५ च्या खाली चांगला, ५ ते ७ शंकास्पद, ७ च्या वर बाद. हे आकडे या क्षेत्रात रूढ आहेत आणि सपाटीवर ठीक चालतात.

उंचावर मात्र दुसऱ्या निकषात खोट आहे. मिर-२३ हा ऑक्सिजनच्या कमतरतेला प्रतिसाद देणाऱ्यांच्या यादीत २००७ पासून आहे. मिर-२१०, २४, २६, २७, १०३, १०७ यांच्याबरोबर. लेहच्या प्लाझ्मात मिर-२३ए मुळातच वाढलेला असेल तर त्याचा सीक्यू खाली येईल, वजाबाकी लहान होईल आणि फुटलेला नमुना चांगला म्हणून पास होईल. म्हणजे चाळणीच त्या उंचीला सैल. म्हणून लेहच्या नमुन्यांना ४१४ चे शोषण हा पहिला निकष, वजाबाकी दुसरा, आणि वजाबाकीची मर्यादा लेहच्या निरोगी गटावरून नव्याने ठरवायची. प्लाझ्मा दुधाळ असेल तर ४१४ चा आकडाही फुगतो. ३८५ ला दुसरे वाचन घेऊन ते लक्षात येते.

३० मे

नवतपा. शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने आज ५६ अंश दाखवले. ४५ वर विश्वास बसतो, ५६ वर नाही. सेन्सर बिघडलेला असणार. आपल्याकडचा धडा एवढाच की फ्रीजरच्या दारावरच्या आकड्यावर विसंबू नये. आत वेगळा प्रोब, आणि तो वर्षातून एकदा तपासून घेतलेला.

स्वीकृतीच्या खोलीत कूलर चालू असतो, त्यामुळे हवा दमट. शिपर उघडला की कुप्यांवर क्षणात दव गोठते आणि साध्या शाईचे क्रमांक बोटाला लागून येतात. अतिशीत तापमानाची लेबले, छापील, वर पारदर्शक पट्टी, झाकणावरही क्रमांक. कुप्या शिपरमधून थेट फ्रीजरमध्ये, तपासणीची मोजदाद नंतर.

११ जून

आरएनए काढणे. २०० मायक्रोलिटर प्लाझ्मा बर्फावर वितळवून १,००० मायक्रोलिटर फिनॉल-ग्वानिडिन द्रवात. ढवळून ५ मिनिटे बाकावर. त्यानंतर, आधी नाही, कृमीचा कृत्रिम मिर-३९ (आरएनए काढताना किती गळाले ते कळण्यासाठी), ३.५ मायक्रोलिटर, मायक्रोलिटरमागे १.६ गुणिले १० चा आठवा घात प्रती. नुसत्या प्लाझ्मात टाकला तर प्लाझ्मातले एन्झाइम त्याचा काही क्षणांत फडशा पाडतात. रक्तातले मूळ मायक्रोआरएनए टिकतात ते त्यांना धरून ठेवणाऱ्या अर्गोनॉट प्रथिनांच्या आणि पेशींनी सोडलेल्या पुटिकांच्या आडोशाने. उघड्या रेणूला तो आडोसा नाही.

२०० मायक्रोलिटर क्लोरोफॉर्म, १५ सेकंद जोरात, ३ मिनिटे थांबून १२,००० जी, १५ मिनिटे, ४ अंश. वरचा पाणीदार थर ६०० मायक्रोलिटर. सातशे दिसतात, सहाशेच घ्यायचे. मधला प्रथिनांचा थर प्लाझ्मात सैल असतो आणि टोकाला चिकटून येतो. सगळ्या नळ्यांतून सारखेच घनफळ घेणे हे थोडे जास्त मिळवण्यापेक्षा मोलाचे. त्यात ९०० मायक्रोलिटर शुद्ध अल्कोहोल, मग आरएनए धरून ठेवणारा स्तंभ, धुणे, शेवटचे धुणे ८० टक्के अल्कोहोलने, झाकण उघडे ठेवून ५ मिनिटे पूर्ण वेगाने कोरडे, १४ मायक्रोलिटर पाण्यात उतरवणे. हातात १२ येतात.

सेंट्रिफ्यूज अर्धा तास आधी रिकामे चालवून थंड करायचे. उन्हाळ्यात क्लोरोफॉर्म पिपेटच्या टोकातून आपोआप गळतो. टोक दोन-तीनदा भरून रिकामे केले की थांबतो.

यानंतर नॅनो-स्पेक्ट्रोमीटरवर आरएनए मोजत बसायचे नाही. प्लाझ्मातून इतका कमी निघतो की तो आकडा बहुधा फिनॉलचा असतो. शिखर २६० ऐवजी २७० ला दिसले तर नक्कीच. पुढच्या पायरीला वजनावर नाही, घनफळावर मोजून घ्यायचे.

१९ जून

आज जागतिक सिकलसेल दिन, आणि नोंदही योगायोगाने त्याचीच.

नागपूरचा निरोगी गट म्हणजे विदर्भातली माणसे, आणि विदर्भात सिकलसेलचे वाहक भरपूर. एसएस रुग्णाच्या (सिकलसेलचे जनुक दोन्ही पालकांकडून आलेल्याच्या) लाल पेशी शरीरातच फुटतात, शिवाय त्यांच्यात मिर-१४४ वाढलेला असतो. असा एक माणूस ‘निरोगी’ म्हणून आला तर आपली आधाररेषाच गुलाबी. म्हणून नागपूरच्या प्रत्येक दात्याची आधी विद्राव्यता चाचणी (सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही ते सांगणारी), ती होकारार्थी असल्यास एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी). एसएस वगळायचे. एएस वाहक (ते जनुक एकाच पालकाकडून आलेले) वगळायचे नाहीत, वेगळी खूण करून ठेवायचे. तेही वगळले तर गट शहराचे प्रतिनिधित्व करत नाही.

लेहकडेही हीच चाचणी लागेल. लडाखच्या रस्त्यांवर झारखंडच्या दुमका भागातले मजूर मोठ्या संख्येने असतात आणि झारखंड केंद्राच्या २०२३ च्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेतल्या राज्यांत आहे. वाहकाला सपाटीवर सहसा काही होत नाही. उंचावर मात्र प्लीहेचा रक्तपुरवठा तुटल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. विद्राव्यता चाचणी रक्त चढवण्यापूर्वीच्या नमुन्यावरच करायची. रक्त चढवल्यावर तिचा भरवसा नाही.

४ जुलै

उलट-लेखन (आरएनएवरून डीएनए बनवणे) आणि पीसीआर. आरएनए ५ मायक्रोलिटर, मिश्रण ७, स्टेम-लूप प्रायमर (मायक्रोआरएनएला जुळणारा डीएनएचा छोटा तुकडा) ३, एकूण १५. १६ अंशांना ३० मिनिटे, ४२ ला ३०, ८५ ला ५. मग ९५ ला १० मिनिटे आणि ४० चक्रे : ९५ ला १५ सेकंद, ६० ला ६० सेकंद. प्रत्येक नमुना प्लेटवरच्या तीन विहिरींत (खळग्यांत). तिघांत ०.५ चक्राहून जास्त फरक पडला तर ती तिन्ही पुन्हा.

प्लेटची मांडणी : लेह आणि नागपूर, रुग्ण आणि निरोगी, सगळे प्रत्येक प्लेटवर मिसळून. लेहची एक प्लेट आणि नागपूरची दुसरी असे झाले की प्लेटचा फरक आणि उंचीचा फरक जन्मभर वेगळे करता येत नाहीत. एका रुग्णाचे तिन्ही वेळचे नमुने एकाच प्लेटवर.

हेपॅरिन ओळखायची खूण : कृत्रिम मिर-३९ बाकीच्यांपेक्षा २ चक्रे किंवा जास्त उशिरा. मग आरएनए पाचपट पातळ करून पुन्हा. शुद्ध असेल तर २.३ चक्रे उशीर व्हायला हवा. त्याहून कमी उशीर झाला, किंवा उलट लवकर आला, तर अडथळा आहे. हेपॅरिनेज १ ने तासभर प्रक्रिया, आरएनेज-रोधकासह, आणि केली तर प्लेटवरच्या सगळ्याच नमुन्यांना. निवडक नमुन्यांना केली की तेच नमुने वेगळे दिसू लागतात.

२३ जुलै

सामान्यीकरण, म्हणजे नमुने एकमेकांशी ताडता यावेत म्हणून एखाद्या स्थिर रेणूच्या मानाने आकडे मांडणे. पेशींच्या कामात संदर्भ म्हणून घेतात तो यू६ आरएनए प्लाझ्मात भरवशाचा नाही. मिर-१६ पूर्वी सर्रास वापरत. १५ मेची नोंद पाहा. कृत्रिम मिर-३९ आरएनए काढण्यातली गळती सुधारतो, रुग्णाच्या रक्ताबद्दल काही सांगत नाही. सध्याचा निर्णय : आधी मिर-३९ ने दुरुस्ती, मग पाचही गटांत स्थिर दिसतील अशा तीन-चार मायक्रोआरएनएंची सरासरी. ते कोणते, हे मेंदू-इजेच्या रुग्णांकडे पाहण्याआधी निरोगी आणि अस्थिभंगाच्या गटांवरून ठरवायचे.

प्लाझ्मा आटण्याची भीती किती धरायची? हिशेब करून पाहिला. समजा हिमोग्लोबिन १५ वरून १६.५ आणि हिमॅटोक्रिट ४५ वरून ४९.५ झाले. डिल-कॉस्टिलच्या १९७४ च्या सूत्राने : १५ भागिले १६.५, गुणिले ५०.५ भागिले ५५, म्हणजे ०.८३५. प्लाझ्मा १६.५ टक्के घटला. सगळे रेणू तेवढेच राहिले तर त्यांची तीव्रता १.२ पट, म्हणजे पाव चक्र. एवढ्याने झोप उडवून घ्यायचे कारण नाही. हिमोलिसिसची एक पायरी २ चक्रांची आहे. अर्थात हे सूत्र निरोगी माणसालाच लागू. रक्त सांडलेल्या आणि सलाइन चढवलेल्या रुग्णाला लावले तर उत्तर निरर्थक येते.

९ ऑगस्ट

पॅनेलवर, म्हणजे मोजायच्या मायक्रोआरएनएंच्या यादीत, कोण आणि का.

मिर-१२४-३पी, मिर-९-५पी, मिर-२१९ए-५पी : मेंदूतले. पहिले दोन मुख्यतः चेतापेशींचे, तिसरा मायलिन बनवणाऱ्या पेशींचा. निरोगी प्लाझ्मात मिर-१२४ जवळजवळ नसतोच, सीक्यू ३५ च्या पलीकडे जातो. त्यामुळे ‘किती पट वाढला’ हा प्रश्न त्याला विचारू नये. दिसला की नाही दिसला, एवढेच विचारावे. हिमोलिसिसने तो हलत नाही, हा मोठा गुण.

मिर-२१० : ऑक्सिजन कमी झाला की एचआयएफ-१ हे प्रथिन त्याला चालू करते; मग मिर-२१० आयएससीयू हे जनुक दाबून मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीतल्या ऊर्जाकेंद्राचा) श्वास आवरतो. लेहच्या निरोगी गटातही त्याचा चढ अपेक्षित. याला मेंदू-इजेचा दर्शक म्हणून घेतलेले नाही, उंचीचा मापक म्हणून घेतले आहे.

मिर-२१ आणि मिर-३३५ : गंभीर इजेसाठी २०१७ मध्ये सुचवलेली जोडी. मिर-२१ जवळपास प्रत्येक जखमी ऊतीत वाढतो, ऑक्सिजनच्या कमतरतेतही. अस्थिभंगाचा गट नसता तर याच्यावर एक ओळही लिहिता आली नसती.

मिर-१४६ए आणि मिर-१५५ : दाहाचे. १४६ए हा ट्राफ६ आणि इराक१ या दाहाचा संदेश पुढे नेणाऱ्या प्रथिनांना दाबून दाह आवरतो, १५५ भडकवण्याच्या बाजूचा.

मिर-१२२ यकृताचा, मिर-२०६ स्नायूचा. हे दोन पहारेकरी. अपघातात डोके एकटे क्वचितच सापडते. २०६ वर गेला असेल तर बाकीच्या वाढीकडे संशयाने पाहायचे. मिर-४९९ही मेंदू-इजेच्या याद्यांत येतो, पण मुळात तो हृदयाचा आणि मंद स्नायूंचा. आम्ही घेतला नाही.

२७ ऑगस्ट

लेहहून विमानाने दिल्ली-चंडीगढला हलवलेल्या रुग्णांचा ७२ तासांचा नमुना सपाटीवरचा असतो. तो ‘लेह’ गटात बसत नाही. हलवल्याची वेळ आणि नमुन्याची वेळ यांतले तास वेगळ्या रकान्यात. उंचीचा परिणाम उतरताना पाहायला हेच नमुने कामाचे, मात्र जास्त आजारी रुग्णच हलवले जातात, हे विसरायचे नाही.

१३ सप्टेंबर

विश्लेषणाचा आराखडा गोठवला, सांकेतिक क्रमांक उघडायच्या, म्हणजे कोणता नमुना कोणत्या गटातला हे कळायच्या, आधी.

मुख्य तुलना फरकांचा फरक : (लेह रुग्ण वजा लेह निरोगी) वजा (नागपूर रुग्ण वजा नागपूर निरोगी). काल्पनिक उदाहरण : एखादा मायक्रोआरएनए नागपुरात इजेने १ चक्र सरकतो, नुसत्या उंचीने १.५ चक्रे, आणि लेहच्या रुग्णांत नागपूरच्या निरोगींपेक्षा २.५. घाईत पाहणारा म्हणेल, उंचावर इजेचा परिणाम अडीचपट. वजाबाकी सांगते, शून्य वाढ. दोन परिणामांची नुसती बेरीज. लेहचे रुग्ण थेट नागपूरच्या निरोगींशी ताडणारा तक्ता अहवालात राहणारच नाही.

रुग्णागणिक यादृच्छिक परिणाम असलेले मिश्र प्रतिमान (एकाच रुग्णाचे तिन्ही नमुने एकमेकांशी बांधलेले असतात हे धरून चालणारे). सोबत इजेपासूनचे तास, वय, ४१४ चे शोषण, लेहमधल्या मुक्कामाचे दिवस, दिलेला ऑक्सिजन. ४० चक्रांत न दिसलेल्याला ‘४०’ लिहायचे नाही. मर्यादेखालचे मूल्य म्हणून प्रतिमानात. अनेक चाचण्यांसाठी बेंजामिनी-हॉखबर्ग (योगायोगाने आलेले खोटे निष्कर्ष आवरणारी) दुरुस्ती.

काही नमुन्यांचे लहान-आरएनए अनुक्रमणही (सगळे लहान आरएनए एकेक वाचून मोजणे) होईल. त्यासाठीच्या कुप्यांत वाहक आरएनए (जास्त आरएनए हाती यावा म्हणून मिसळतात तो विषाणूचा आरएनए) नाही, नाहीतर ग्रंथालय (वाचनासाठी तयार केलेला तुकड्यांचा संच) विषाणूच्या तुकड्यांनी भरते. प्लाझ्मात मिर-४८६-५पी आणि मिर-४५१ए इतके वाचन खातात की मिर-१२४ सारखे विरळ रेणू अनुक्रमणात सापडले नाहीत तरी ते नव्हते असे म्हणता येत नाही. त्यांच्यासाठी पीसीआरच. जोडतुकड्यांची जोडी (मध्ये आरएनए नसलेली, एकमेकांनाच चिकटलेली टोके) आणि खरे ग्रंथालय जेलवर साधारण २२ बेसच्या अंतराने असतात. कापताना हावरेपणा केला की अर्धे वाचन रिकामे.

७ ऑक्टोबर

मायक्रोआरएनएच्या शोधासाठी अँब्रोस आणि रवकुन यांना यंदाचे वैद्यकाचे नोबेल. लिन-४ चा शोध १९९३ चा, सूतकृमीतला. आमच्या कुपीतला मिर-३९ त्याच कृमीचा.

लेहची हंगामातली शेवटची मोठी खेप. १२ तारखेला दसरा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन. दीक्षाभूमीच्या बाजूचे रस्ते त्याआधीपासूनच वळवलेले असतात आणि सोनेगाव विमानतळावरून इकडे यायला नेहमीचा हिशेब चालत नाही. खेप ९ पर्यंत उतरली पाहिजे, नाहीतर १५ नंतरच लेहहून निघावी. मधल्या दिवसांत शिपर गोदामात पडून राहणे परवडणार नाही. लेहला कळवले : ८ च्या सकाळचे विमान नसेल तर कुप्या फ्रीजरमध्येच ठेवा, शिपर १४ ला नव्याने भरा, भरल्यानंतरचे वजन फोटोसह पाठवा.